श्रीनिवासचा केशरी डबा

सिंगापुरात आमच्या सेम्बावांगच्या ब्लॉकमधला श्रीनिवास जहाजांच्या इंजिनांतून निवृत्त झाला आणि थेट बायकोच्या, म्हणजे नंदावहिनींच्या, ओट्यापाशी येऊन उभा राहिला. त्याचा वहिनींना किती जाच, ते त्या कुणाला सांगत नाहीत. फक्त आमच्या हिला सांगतात.

एकदा याच्या हातून फोडणीत मोहरीऐवजी मेथी पडली. चूक कबूल करण्यापेक्षा यानं मिसळणाचा डबाच नवा केला. आरपार दिसणारा, झाकण मधोमध नितळ आणि कडेला केशरी होत गेलेलं. देखणा होता, खोटं कशाला बोलू? पलीकडे मलेशियातल्या जोहोरहून पेटीभर नमुने करून आणले, फ्लॅटच्या बॉम्ब शेल्टरमध्ये, म्हणजे इथल्या घरांत असते त्या पोलादी दाराच्या खोलीत, ठेवले, आणि 'अजून जरा सुधारतो' म्हणत हा बसून राहिला.

२०१९ साली त्याला नोंदणीचं सुचलं. जन्मभर दुसऱ्यांची जहाजं चालवली, एका तरी वस्तूवर सरकारदरबारी आपलं नाव लागावं, एवढीच हौस. डिझाइनची कामं करणारी वकील उल्का मरीन परेडला राहते. तिच्या घरी तो, वहिनी आणि मी असे तिघं गेलो, मी चहासाठी.

उल्का म्हणाली, गोल डबा नि वाट्या जुन्याच, पण कायदा बदलल्यापासून रंगही धरतात. पारदर्शकपणानं एकूण रूप वेगळं दिसतंय, हे मांडून बघता येईल. अट एकच, डिझाइन नवं हवं. बाहेर कुणी पाहिलंय का?

"चिटपाखरानंसुद्धा नाही," श्रीनिवास म्हणाला. "पोलादी दारामागे आहे." आणि पिशवीतून डबा काढला.

उल्का स्वयंपाकघरात गेली आणि तसाच डबा घेऊन आली. आत हेअरक्लिपा.

"काका, हा मला काकूंनीच दिला. दोन वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाला."

डिझाइन बाहेर पडल्यावर नोंदणीला मिळते ती वर्षाची सवलतही उलटून गेली होती. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्हीच म्हणालात ना, शेल्टरमधला पसारा काढ म्हणून?"

परतीच्या बसमध्ये हा खिडकीबाहेर बघत बसला. थोड्या वेळानं वहिनी म्हणाल्या, बायका अजून विचारतात, श्रीनिवासचा डबा आणखी मिळेल का. त्यानं मान वळवली नाही, पण कान झाकणाच्या कडेसारखे झाले.

तो डबा आमच्याकडेही होता, हे मला घरी आल्यावर कळलं. पुरुषांना वाण दाखवतं कोण? हिनं त्यात बटणं ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीनिवास दारात हजर. हातात मोहरीची पुडी. न विचारता त्यानं बटणं ताटलीत ओतली, वाट्या पुसल्या, आणि मोहरी भरून डबा आमच्या ओट्यावर ठेवला. उजेडात, झाकण खिडकीकडे करून.