भुताच्या जागी मामा

माझे मामा बत्तीस वर्षं एका ऑफिसात शिपाई होते. साहेबांची खुर्ची झटकायची, टेबलावर फाइल ठेवायची आणि कुणाच्या नजरेत न भरता बाहेर पडायचं, यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांना सिनेमात काम मिळालं, तेही भुताचं. गुणांची कदर उशिरा का होईना, होते.

सिनेमा लहान मुलांचा होता. दोन भावंडांना गृहपाठात मदत करणारं एक प्रेमळ भूत. भूत नंतर कॉम्प्युटरवर काढणार होते, पण तोवर मुलांनी बघायचं कुठे आणि बोलायचं कुणाशी? म्हणून मामांना डोक्यापासून पायापर्यंत हिरव्या कपड्यात गुंडाळून उभं केलं. पुढे मामांना पुसून त्यांच्याच हालचालींवर भूत चढवायचं, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मामांनी ते मामीला सांगितलं नाही.

कारण मामीने तोवर गल्लीभर करून टाकलं होतं, "आमचे हे सिनेमात आहेत." लग्नानंतर पहिल्यांदाच तिला नवऱ्याबद्दल सांगण्यासारखं काही मिळालं होतं. ते काढून घ्यायचा मामांना धीर होईना. मला मात्र त्यांनी विश्वासात घेतलं, म्हणजे तोंड लपवायला जोडीदार झाला.

शूटिंगला त्यांच्याबद्दल एकच तक्रार होती. बसण्याआधी ते खुर्ची झटकत. "काका, भुताला धूळ लागत नाही हो," दिग्दर्शक सांगून सांगून थकला. मामा मान डोलवत आणि पुन्हा झटकत. यावरून मामीही चौतीस वर्षं भांडत आली होती, "माझं घर म्हणजे काय उकिरडा आहे?"

सिनेमा लागला त्या पहिल्याच दिवशी आम्ही अकरा जण बघायला गेलो. अर्धा सिनेमा झाला तरी मामा दिसेनात. मामीची बहीण दोनदा खाकरली. मामांनी मान खाली घातली होती. मला त्यांचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

तेवढ्यात ते गुबगुबीत पांढरं भूत अभ्यासाच्या टेबलाशी आलं. त्याने खुर्ची ओढली आणि बसण्याआधी हाताने दोनदा झटकली. सगळं थिएटर हसलं. मामी हसली नाही. तिने बहिणीचा हात धरला.

"ते बघ, आमचे हे."

"कुठेत?"

"ते काय, भूत."

सिनेमा संपल्यावर सगळे मामांच्या घरी आले. मामा खुर्चीपाशी गेले, हात उचलला आणि मामीकडे बघून तसेच थांबले.

"झटका ना," मामी म्हणाली. "सगळे बघतायत."