दानीअण्णांची दार लावून प्रार्थना

चार माणसं देवाचं नाव घ्यायला जमली की किस्से आपोआप साठतात. आमची बुधवारची प्रार्थना कोल्हापुरात कुणाच्या तरी घरी भरते. माणसं जेमतेम नऊ, पण त्यात हुपरीचे दानीअण्णा आणि त्यांच्या पत्नी रूथमावशी. मग काय बघायलाच नको!

अण्णा चांदीची पैंजणं घडवतात. चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना मात्र कधीच करत नाहीत. "खोलीत जा, दार लाव, मग बोल, असं प्रभूनंच सांगितलंय की!"

आमचे पास्टर एकदा म्हणाले, "पण दोघं-तिघं जमतील तिथं मी असेन, असंही त्यानंच सांगितलंय."

"मग जमलोय न्हवं? तोंड उघडा असं कुठं म्हटलंय?"

मावशी अगदी उलट. एकच मागणं तीन-तीनदा! अण्णा एकदा वैतागले, "उगं बडबड करू नका म्हटलंय. देवाला एकदा सांगितलं की कळतंय."

मावशी म्हणाल्या, "त्या विधवेनं न्यायाधीशाचं डोकं खाल्लं, तवाच न्याय मिळाला. तीबी बायबलातच हाय!"

ख्रिसमसच्या जेवणाआधीची प्रार्थना मावशींनी गगनबावड्याच्या आजाऱ्यांपासून सुरू केली. कुरुंदवाडला पोचेपर्यंत तांबडा रस्सा गार. आमेन म्हणून डोळे उघडले, तर अण्णांचं ताट निम्मं रिकामं!

"निरंतर प्रार्थना करा म्हटलंय. म्हणजे जेवतानाबी चालतंय की!"

एकदा मीच विचारलं, "मागायच्या आधीच देवाला सगळं ठाऊक असतं, तर मागायचं कशाला?"

मावशी म्हणाल्या, "ह्यांना भूक लागली की मला कळतंय. तरी 'वाढ' म्हणाले की बरं वाटतंय."

गेल्या महिन्यात मावशींच्या पोटातली गाठ काढायची ठरली. त्या घाबरल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर आम्हीही. ऑपरेशनच्या सकाळी अण्णांना म्हणाल्या, "अहो, आत न्यायच्या आधी एकदा तुमच्या तोंडानं प्रार्थना ऐकू द्या."

बारा खाटांचा वॉर्ड, नातेवाइकांची गर्दी, दार सताड उघडं. अण्णांनी इकडंतिकडं पाहिलं. मग उठून खाटेभोवतीचा पडदा ओढला, मावशींचा हात धरला आणि बोलायला लागले. जन्म ठोकठोकीत गेलेला, त्यामुळं आवाज खणखणीत! अख्ख्या वॉर्डाला ऐकू जात होतं. मला तर रडूच आलं.

आमेन व्हायच्या आतच शेजारच्या खाटेजवळून एक बाई म्हणाली, "पावणं, आमच्या सासूबाईंचंबी नाव घ्या की!"

अण्णा थांबले. मग पडद्याआडूनच विचारलं, "नाव काय त्यांचं?"