पाचवं ताट

“आजही ताट चाटूनपुसून साफ! तुमच्या आई परत आल्यात हो. पोरीला दिसत असतील, म्हणून तर वाढते. रविवारी भगताला बोलवा, नाहीतर हिला माहेरी धाडा.”

पडद्याआड सासूबाई सासऱ्यांशी कुजबुजत होत्या. पोरगी म्हणजे मी. लग्नाला नऊच दिवस झालेले! आता हा घोळ तुम्हाला कुठून सांगू?

मी चौघा भावंडांत थोरली. माहेरी, पांडेसऱ्याच्या एका खोलीत, आईबाबा मिलवर गेले की तिघांना जेवू घालायचं, तिघांचा गृहपाठ घ्यायचा, तीन डोकी मोजून कडी लावायची. माझं जेवण सगळ्यांनंतर, उभ्यानं. अभ्यास त्याच्याही नंतर. त्यामुळे ती तिघं वर्गात पुढे आणि मी गणितात काठावर.

उधन्याला सासरी आले. पहिल्याच संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “पाच ताटं घे.” मी मोजलं. सासरे, सासूबाई, हे, नणंद. चार! पुन्हा मोजलं. चारच. मग पाचवं कोण? नव्या नवरीनं विचारायचं कसं?

भिंतीवर आजेसासूबाईंचा हार घातलेला फोटो. नजर थेट माझ्यावर. म्हटलं, असेल यांच्याकडची रीत! ताट फोटोखाली मांडलं, हात जोडले.

सगळे थिजले. शेजारी कापडाचे लूम खडखडत होते, पण घरात घास चावल्याचा आवाज नाही. त्या कोपऱ्याकडे कुणी बघेना. त्यांना घाबरलेलं बघून मीही घाबरले. नक्की कुणीतरी बसलंय तिथं! एकदा तर भाकरी हलल्यासारखी वाटली.

सगळे उठले की मी ताट आत न्यायची आणि “माफ करा, आजी” म्हणून संपवायची. अन्न टाकायचं का?

नऊ दिवस हेच. आणि आता भगत! म्हणजे आजी खरंच जेवून जातात? ताट मीच साफ करते, हे तेव्हा सुचेल तर शपथ!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवताना नणंदेनं तोंड उघडलं. घरातलं शेंडेफळ, तिला कसली भीती?

“भाभी, तू जेवतेस कधी गं?”

“तुम्ही चौघं उठल्यावर.”

“मम्मी तर रोज पाच ताटं सांगते.”

“पण घरात चारच…” मी बोट फिरवून मोजून दाखवलं.

“अन् तू?”

बोट हवेतच राहिलं. सासूबाईंचा घास हातात. फोटोतल्या आजीही कान देऊन ऐकत असाव्यात.

“आई,” मी म्हणाले, “भगताला बोलावू नका. ते ताट खाणारं भूत मीच. मला मेलीला मोजता येत नाही.”