हिऱ्याचं घुंगरू

"भाऊ, तुमच्या दुकानात हे घड्याळ जवान असतं. आमच्या घरी आलं की म्हातारं होतं," म्हणत शांताबाईंनी ते लंबकाचं घड्याळ पुन्हा माझ्या काउंटरवर ठेवलं. तिसऱ्यांदा!

त्यांचं घर पुसेगावजवळच्या तांड्यावर. घड्याळ सासऱ्यांचं, रामधनबाबांचं. बाबांची नजर गेलेली. दुपारी घरातले सगळे शेतात. घड्याळानं चार ठोके दिले की बाबा काठी घेऊन फाट्यावर जातात आणि शाळेच्या ऑटोतून उतरणाऱ्या नातीला घरी आणतात. कोण कोणाला आणतं, ते विचारू नका. पण घड्याळ रोज थोडं मागं पडायचं. नात एकटीच दारात पोहोचायची आणि बाबा ठोक्यांची वाट बघत बसलेले असायचे.

"आमचे मालक म्हणले, आता नीट झालं न्हाई तर बाबांचं जाणं बंद. तवापासून बाबा धड जेवून न्हाई राहिले."

"मोबाइलचा अलार्म लावा की."

"लावला. बाबा म्हणले, 'ते डबडं हुडकेस्तोवर पोरगी लग्नाची हुईल.'"

मी यंत्र धुतलेलं, ऑइल दिलेलं. माझ्या भिंतीवर घड्याळ चोख चालायचं. मग दोष तांड्यावरच! घड्याळांचा सर्जन स्कूटरवर बॅग टाकून व्हिजिटला निघाला.

घड्याळ टांगलं. भिंतीला लेव्हल लावली, सरळ होती. तसंही वाकडं घड्याळ लंगडतं आणि बंद पडतं, रेंगाळत नाही. बाबा उठले, चाचपडत घड्याळाशी काहीतरी करून परत बसले. मी कान लावला. टिक, छुम. टिक, छुम.

घड्याळाचं दार उघडलं. लंबकाच्या अगदी टोकाला लाल दोऱ्यानं पितळी घुंगरू बांधलेलं.

"बाबा, हे इथं काहून?"

"आमच्या हिऱ्याच्या माळेतलं हाय. हिऱ्या गेला. पोळ्याला दारात बैल न्हाई. मंग घरात न थकता चालणारं दुसरं कोण हाय? त्याला बांधलं."

शांताबाई ओशाळल्या. "दुकानात लोकं हसतील म्हणून मी दर येळी काढून ठेवायची. घरी आलं की बाबा परत बांधायचे."

टोकाला वजन वाढलं की लंबक जणू लांब होतो, आणि लांब लंबक सावकाश झुलतो. एवढंच दुखणं. मी ते सांगितलं. बाबा हात पुढं करून दोऱ्याची गाठ शोधू लागले.

"सोडतो. नातीपुढं घुंगरू काय?"

गाठ काही सुटेना.

"हात लावू नका!" मी ओरडलो. "पेशंट माझा आहे."

लंबकाच्या गोळ्याखाली एक नट असतो. तो वर चढवला की गोळा वर जातो आणि घड्याळ पळतं. घुंगरू राहू दिलं, गोळा चढवला. पुढचे काही दिवस शांताबाई मोबाइलशी वेळ ताडून फोन करायच्या आणि मी इकडून "अजून अर्धा फेरा" म्हणायचो.

शेवटचा फोन बाबांचा आला. "कारागीर, घड्याळ बराबर हाय. आता मी फाट्यावर उभा अन् ऑटोवालाच उशिरा येऊन राहिला. त्याचा नट कुठं असतो?"

तेव्हापासून कोणी घड्याळ घेऊन आलं की मी ते उघडायच्या आधी विचारतो, "येताना काय काढून ठेवलंत?"