मुलींच्या शिबिराची जबाबदारी

आमच्या जिल्ह्यात खो-खो शिकवणाऱ्यांची एक संघटना आहे. तिच्यात बहुतेक शाळांमधले क्रीडाशिक्षक आहेत. माझ्यासारखे थोडे नोकरी नसलेलेही आहेत, ज्यांनी प्रशिक्षणाचा वर्ग करून प्रमाणपत्र मिळवलं आहे. संघटनेतली सगळी कामं मानद असतात. पंच ठरवणं, मैदान बघणं, मुलांचं शिबिर, मुलींचं शिबिर. दर वर्षी सभेत ही कामं एकेकाच्या अंगावर टाकली जातात.

गेल्या वर्षी मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सुट्टीत गावी, कुंभार पिंपळगावला आले की शाळेच्या मैदानावर मुलींचा सराव घ्यायचे. त्यातली आठवीतली एक मुलगी फार चपळ होती. पण तिचा सगळा खेळ मातीवरचा आणि अनवाणी. जिल्ह्याची निवड आता मॅटवर, बूट घालून होते. बूट घातले की खांबाजवळ वळताना ती घसरायची. निवडीआधी मुक्कामी शिबिर असतं, तिथं मॅटवर सराव मिळतो. ते तिला मिळालं तर ती संघात येईल, असं मला वाटत होतं. नाही मिळालं तर पहिल्याच डावात बाद होईल, याचीही मला खात्री होती.

मुलींचं शिबिर बरीच वर्षं अंबडच्या एक मॅडम सांभाळत होत्या. त्या वर्षी त्यांच्या मुलीचं बाळंतपण होतं. त्यांनी मला आधीच फोन केला होता. "मी काही यंदा राहत न्हाई. तुझं नाव सुचवते. सभेला ये म्हणजे झालं."

सभा बदनापूरला एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मी शेवटच्या ओळीत बसले. विषय आला तेव्हा मॅडम उठल्या आणि माझं नाव घेतलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. अध्यक्ष निवृत्त क्रीडाशिक्षक. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "काय, घेता का?"

मला तर तेच हवं होतं. पण एवढ्या वडीलधाऱ्यांसमोर लगेच हो म्हणणं मला उतावळेपणाचं वाटलं. मी म्हणाले, "मला कसं जमेल सर? मोठ्या कोणाला तरी द्या."

मग ते पुन्हा विचारतील म्हणून उभीच राहिले.

"बरं," अध्यक्ष म्हणाले. "बसा."

मी बसले. दुसऱ्या कोणी महिला पुढे येईना. सभेला आम्ही मोजक्याच होतो आणि बाकीच्यांना मुक्कामी राहणं शक्य नव्हतं. तेव्हा घनसावंगीकडचे एक सर म्हणाले, "मंग मुलींचं शिबिर औंदा राहू द्या. एका दिवसात निवड उरकून टाकू." दोघातिघांनी माना हलवल्या आणि पुढचा विषय सुरू झाला. इतक्या कमी वेळात शिबिर गेलं.

चहाच्या सुट्टीत मॅडम पोह्यांची प्लेट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"न्हाई म्हणलीस ना? मंग आता तोंड पाडून कामून बसलीस?"

"मला वाटलं, सर अजून एकदा विचारतील."

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की चहा वाटणाराही बघायला लागला. "लग्नात जेवायला आल्ती का तू? आग्रह करायला?"

"पण मॅडम, मघाशी ते पंच मंडळाचे सर पण नाही म्हणाले होते. त्यांना तर सगळ्यांनी म्हणून म्हणून घ्यायला लावलं."

"सगळ्यांनी न्हाई, एकानं. तो त्यांचा शेजारी. एकाच गाडीवर आलेत दोघं. यांनी न्हाई म्हणायचं, त्यानं उठून म्हणायचं, 'असं कसं, तुमच्याशिवाय कोण!' हे येतानाच ठरलेलं असतंय. तू असा माणूस आणला का संगं?"

मी नकारार्थी मान हलवली. मी तर एकटीच एसटीनं आले होते.

"तुम्हीच म्हणा ना अजून एकदा," मी म्हणाले.

"मी एकदा म्हणलेय. आता पुन्हा म्हणले तर पोरीला जबरदस्ती करून राह्यली म्हणतील. शेवटी आयत्या वेळचे विषय असतात. तेव्हा तूच उठ."

नंतर मैदानाच्या भाड्यावर बरीच चर्चा झाली. त्यातलं मला काही ऐकू आलं नाही. मी मनात वाक्य जुळवत होते आणि ते मोडत होतं. अध्यक्षांनी "आणखी काही?" असं विचारून कागद गोळा करायला घेतले, तेव्हा मी उठले.

"सर, मघाशी मी नाही म्हणाले. ते मनापासून नव्हतं. मला मुलींच्या शिबिराची जबाबदारी पाहिजे."

"पाहिजे म्हणती!" पुढच्या रांगेतून कोणीतरी बोललं. "बघा सर, खुर्ची सांभाळा." हशा झाला. पण मी बसले नाही.

अध्यक्ष हसले नव्हते. "मुक्कामी राहावं लागतं. घरी चालेल?"

"चालेल सर. मी स्वतः दोन शिबिरांना राहिलेली आहे."

"तेव्हा तुम्ही खेळाडू होता. रात्री एखादी मुलगी आजारी पडली तर काय कराल?"

"मॅडमना फोन करीन," मी म्हणाले. मग वाटलं हे अपुरं आहे, म्हणून म्हणाले, "आणि जवळचा दवाखाना कुठे आहे ते आधीच बघून ठेवीन. शिबिर झालं नाही तर आमच्याकडच्या मुलींना मॅट दिसणारच नाही सर. त्या थेट निवडीलाच मॅटवर उतरतील."

"अनुमोदन कोणाचं?" अध्यक्षांनी विचारलं. मी मॅडमकडे पाहिलं, पण हात वर केला तो घनसावंगीकडच्या सरांनी.

"अहो, तुम्हीच तर रद्द करा म्हणाला होता!" शेजारचे म्हणाले.

"कोणी न्हाई म्हणून म्हणलं होतं. माझ्याबी शाळेच्या पोरी मातीतच खेळतात." माझ्याकडे वळून ते म्हणाले, "फक्त पाण्याची टाकी आधी बघून घ्या मॅडम. मागच्या साली दुपारीच संपली होती."

मला पहिल्यांदाच कोणीतरी मॅडम म्हणालं होतं. टाकीचं मी लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरी गेले. तिची आई नुकतीच कापूस वेचून आली होती आणि हातपाय धूत होती. मी शिबिराचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं बाई कोण हाये?"

"मी आहे."

"रातीला बी?"

"रात्रीपण. मुलींच्याच खोलीत झोपणार आहे मी."

तिनं पदराला हात पुसले. मुलगी दाराशी एका पायावर उभी होती. आईनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"थंडी लई पडून राह्यली," ती म्हणाली. "सतरंजी तिथं मिळती, का घरचं अंथरूण द्यावं लागंल?"