इस्त्रीवालीचा हात

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवालीचं दुकान होतं. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. एक लांब टेबल, त्यावर जुन्या ब्लँकेटची घडी आणि मागे पडद्याआड संसार. नवरा लांबच्या ट्रकवर ड्रायव्हर, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. बाकी सगळं हिच्या एकटीच्या अंगावर. बाई तोंडाची फटकळ, पण कॉलर अशी बसवायची की घालणारा आपोआप ताठ चालायला लागावा.

मुलीला सगळे पिटुकली म्हणत. पोरगी मोठी नाटकी. गणिताचा पेपर असला की हिचं पोट दुखायचं, पाढे म्हणायचे असले की डोकं. त्यावर आईने कायदाच करून टाकला होता. पिटुकली कुरकुरली की इस्त्री उभी करून ठेवायची, कपाळाला हात लावायचा आणि निकाल द्यायचा. गरम लागलं तर घरी, नाही तर ऊठ, दप्तर उचल. रडारड चालायची नाही. शेजारणी म्हणायच्या, "हिला बरं कळतं बाई नुसता हात लावून!" आणि हिलाही ते ऐकायला आवडायचं.

त्या दिवशी एका हॉटेलचे गणवेश वेळेत द्यायचे होते. उजाडल्यापासून इस्त्री तापलेली. पिटुकली पडद्याआडून आली आणि टेबलाला टेकून उभी राहिली.

"आई, मला कसंतरी होतंय."

"का गं? आज पाढे आहेत वाटतं?"

"नाही गं. खरंच कसंतरी होतंय."

आईने कापडावरचा हात उचलून तिच्या कपाळाला लावला. "थंडगार तर आहेस! चल, आवर."

एरवी पाय आपटणारी ही पोर. पण त्या दिवशी तिने मुकाट्याने वेणी घालून घेतली आणि गेली. तिचं ते गप्प राहणंच खरं तर आईला खटकायला हवं होतं. पण समोर गणवेशांचा ढीग होता.

दुपारी शाळेचा शिपाई धापा टाकत आला. पिटुकली वर्गात कोसळली होती, तिला झटके आले होते आणि तिला दवाखान्यात नेलं होतं. बाई होती तशी पळत सुटली. इस्त्री शेजारणीने बंद केली म्हणून बरं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "मेंदूला सूज आलीय. एवढा ताप सकाळी कळला कसा नाही?"

"नव्हताच ताप!" ती त्यांच्या अंगावर खेकसली. "मी स्वतः हात लावून बघितलाय!"

डॉक्टर पुन्हा पिटुकलीकडे वळले. दिवस कलायला आला तेव्हा म्हणाले, "ताप बराच उतरलाय. जा, बसा तिच्याजवळ."

तिने जाऊन कपाळावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. उतरलेला ताप हा? कपाळ नुसतं भाजत होतं. मग तिने आपल्या हाताकडे पाहिलं. दुपारपासून इस्त्रीपासून लांब असलेला तो हात आता गार पडला होता. आणि सकाळी? सकाळी तोच हात गरमागरम कापडांवरून फिरून फिरून तापला होता. त्या हाताला कुणाचं कपाळ गरम लागणार होतं?

वर्गाच्या बाई अजून बाहेर बाकावर बसून होत्या. बिचाऱ्या बोलून गेल्या, "मी पहिल्याच तासाला विचारलं हो तिला, घरी सोडू का म्हणून. तर म्हणाली, नको बाई, आईने हात लावून बघितलंय. मला काही झालेलं नाही."

तोपर्यंत डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती फटकळ बाई तिथेच खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

पिटुकली वाचली. डावा कान मात्र कायमचा गेला. सकाळीच आणली असती तरी तो वाचला असता असं छातीठोक सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. नवराही म्हणाला, तुझी काय चूक? अशी समजूत कुणी घातली की तिला आणखीच राग यायचा.

घरात थर्मामीटर आला. पण पिटुकलीचं पोट काही पुन्हा दुखलं नाही. पाढे असोत नाही तर पेपर, पोर आपली निमूट शाळेत जायची. लोक म्हणायचे, किती शहाणी झाली! आईला मात्र त्या शहाणपणाची धास्ती वाटायची. पोटात दुखलं तरी ही आता आपल्याला सांगायची नाही, हे तिच्या मनाने घेतलं होतं.

मग एका सकाळी पिटुकली टेबलापाशी येऊन नुसतीच उभी राहिली. आई तिच्या उजव्या कानाच्या बाजूला गेली. "काय गं?"

"काही नाही."

आईने थर्मामीटर काढला.

"ते नको," पिटुकली म्हणाली. "तू हात लावून सांग."

आईने इस्त्रीचं बटण बंद केलं, प्लगही काढला. पिटुकलीला जवळ घेऊन ती स्टुलावर बसली. "थांब. हात गार होऊ दे." गिऱ्हाईक येऊन खोळंबलं, तिने त्याला मानेनेच नंतर यायला सांगितलं. बऱ्याच वेळाने तिने हात स्वतःच्या गालाला लावून पाहिला आणि मग लेकीच्या कपाळावर ठेवला.

"ताप नाही," ती म्हणाली.

पिटुकली लगेच उठली आणि दप्तराकडे वळली. आईने तिचा हात धरला.

"पण तुला बरं वाटतंय का?"

हे आईने पिटुकलीला कधी विचारलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"नाही."

"मग ठेव ते दप्तर," आई म्हणाली. "आज घरीच राहा."