कुठलंही बटण दाबा

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी सर त्याच्या डोक्यावर बोटाने टकटक करायचे आणि विचारायचे, "घरात कोण आहे, भाई?" देवास गेटजवळच्या आमच्या क्लासमधली मुलं हसायची. घरात कोण म्हणजे कुठली सिस्टिम, डॉस की लिनक्स. यजमान पाहून मागावं, असं सरांचं म्हणणं.

मी त्यांच्या हाताखाली शिकवत असे. कॉम्प्युटरच्या खोलीत लोक चपला काढून यायचे, ते दिवस. एका गृहनिर्माण संस्थेने प्लॉटची सोडत कॉम्प्युटरवर काढायचं ठरवलं आणि प्रोग्राम सरांकडे आला. आम्ही दोघंही तिथे सभासद. सर माधव नगरात भाड्याने राहत आणि घरमालक जागा सोडा म्हणून हात धुऊन मागे लागला होता. हा प्लॉट त्यांना हवाच होता.

सरांनी एकच प्रोग्राम दोन्ही सिस्टिमसाठी लिहिला. लिनक्सकडे कुणालाच अंदाज येणार नाही अशा आकड्यांचा साठा असतो, तो मागून घ्यायचा. डॉसकडे तसलं काही नाही. तिथे घड्याळातली वेळ घेऊन आकडे काढायचे. संस्थेचं मशीन डॉसवालं. लाइट सारखी जायची, म्हणून दर चाचणीला ते नव्याने सुरू व्हायचं. चारही वेळा पहिला नंबर आला सत्तेचाळीस. सरांचा सभासद नंबर.

त्यांनी मशीन उघडलं. आतल्या घड्याळाचा सेल मेलेला. लाइट गेली की घड्याळ पहिल्यापासून सुरू, आणि प्रोग्राम मशीनबरोबर आपोआप चालणारा. दर वेळी तोच क्षण, म्हणून तेच आकडे.

"सर, राहू द्या ना. कोणाला कळणार आहे?" मी म्हटलं.

"अगं, मशीन तर भोळी आहे बिचारी. भोळ्या माणसाचा अंगठा घेतल्यासारखं होईल ते."

सोडतीच्या दिवशी त्यांनी एकेका सभासदाला पुढे बोलावलं. "जो मन में आए, ते बटण दाबा. मध्ये किती वेळ गेला ते मशीन मोजेल, त्यातून आकडे निघतील." एक काकू हात जोडून उभ्या राहिल्या. "काकू, नमस्कार बाद में, पहिले बटण!" एका काकांनी शुभ चौघडिया लागेपर्यंत सगळ्यांना ताटकळत ठेवलं. लोक वैतागले, सर मात्र खूश. "वा! या वेळेचा अंदाज कोण बांधणार?"

सत्तेचाळीस आला नाही. माझा नंबर आला. सगळ्यात आधी टाळ्या सरांनी वाजवल्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढे ती भाड्याची जागा सुटली. सर मुलीकडे खंडव्याला गेले आणि तिथेच वारले. मला त्यांची फार आठवण येते, आणि थोडी लाजही वाटते.

खंडव्याला जाण्याआधी ते माझ्या वास्तुशांतीला आले होते. सगळ्या खोल्या फिरले, स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबले. "हवा छान येते गं इथे," म्हणाले. मग भिंतीला टेकवलेला पाट स्वतःच मांडून घेतला आणि घरच्यासारखे जेवायला बसले.